गाडीत ठेवायचा हवेचा पंप, वर्षभर वापरून झाल्यावर

साडेतीन तारे का दिले ते आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढे जातील. पंप हवा भरतो, नीट भरतो, वर्षभरात ऐनवेळी एकदाही दगा दिलेला नाही. तारे कापलेत ते मीटरसाठी, आखूड वायरसाठी आणि सोबत आलेल्या त्या पिशवीसाठी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण या साइजचे सगळेच पंप आतून साधारण सारखे असतात, एक छोटी मोटर, एक दट्ट्या, एक नळी आणि वर आकडे दाखवणारी काच. तुम्ही कुठलाही घेतलात तरी खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं लागू पडेल.

माझा आहे तो १२ व्होल्टचा, गाडीतल्या लायटरच्या सॉकेटला वायर लावून चालणारा. बॅटरीवाला चार्जिंगचा पण मिळतो, तो दिसायला छान, वायरची कटकट नाही, पण तो महिनोन् महिने डिकीत पडून राहिला की हळूहळू उतरतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवायला मला काही बरं वाटत नाही. उलट वायरवाल्याचा तोटा उघडच आहे, गाडीचीच बॅटरी मेली असेल तर पंपही मेला. पण बॅटरी मेलेली आणि टायर बसलेला असं एकाच वेळी होण्याइतकं आपलं नशीब फुटकं नसावं एवढं धरून चालले.

आता खरी गोष्ट. घेतला आणि सरळ डिकीत टाकला, पिशवीचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. असा तो दोन महिने पडून. मग एका रात्री सगळे गाडीत, मागे आई आणि लेक झोपलेल्या, आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, स्टिअरिंग जड, आणि तो थप थप थप आवाज जो एकदा ऐकला की कुणी समजावून सांगावा लागत नाही. ब्रेक जोरात नाही मारला, हळूहळू वेग कमी करत, जरा सपाट आणि रुंद जागा बघून कडेला घेतली, चारही इंडिकेटर चालू केले. आईला आणि लेकीला उठवून खाली उतरवलं, रस्त्याच्या उलट्या बाजूने, आणि कठड्याच्या पलीकडे उभं केलं. आई कुरकुरली, गाडीतच बसते म्हणाली, पण रात्री कडेला उभ्या गाडीवर मागून कुणी येऊन आदळलं तर आत बसलेला माणूस सगळ्यात वाईट जागी असतो, त्यामुळे तिचं ऐकलं नाही. तो लाल त्रिकोण नवरा मागे लांब लावून आला, अगदी गाडीला चिकटून लावला तर त्याचा उपयोग शून्य. आणि रस्ता फारच पळता असेल तर त्रिकोणासाठी मागे चालत जायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

जॅक लावायच्या आधीच स्टेपनी बाहेर काढली हे नशीब. काढली, जमिनीवर टेकवली, अंगठ्याने दाबली तर चक्क आत गेली. आमची ती बारीकवाली स्टेपनी आहे, म्हणजे तात्पुरती, सायकलच्या चाकाची थोरली बहीण वाटावी अशी. गाडी घेतल्यापासून तिला कुणी हातच लावला नव्हता. टॉर्चच्या उजेडात पंपाच्या पिशवीचं प्लास्टिक फाडलं, पत्रक वाचलं, वायर लावली, नळी फिरवून बसवली, काचेवर आकडा आला ११.

नवरा म्हणाला, अगं ३३ भर ना, बाकीच्या टायरांना तेवढीच असते. मी भरणारच होते, पण टॉर्च नेमका स्टेपनीच्या भिंतीवर पडला आणि तिथे रबरातच उठवून लिहिलेलं, ६० पीएसआय (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या काचेवरचे आकडे त्यातलेच). बारीक स्टेपनीला साधारण एवढीच लागते, म्हणजे ४.२ बार, कारण एवढ्याशा टायरला तेवढंच वजन उचलायचं असतं. आणि बाजूलाच कमाल वेग ताशी ८० किलोमीटर. ३३ भरून निघालो असतो तर ती अर्धवट दबलेलीच पळाली असती. सात-आठ मिनिटं लागली ६० ला. ४५ पर्यंत भराभर गेला, मग पंप दमल्यासारखा, एकेक आकडा चढायला जीव काढायला लागला. खोक्यावर १५० लिहिलंय, त्या १५० कडे बघूसुद्धा नका.

हवा भरताना इंजिन चालू ठेवलं होतं म्हणजे बॅटरीवर ताण नको, पण हे उघड्यावरच करायचं, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून पंप लावून बसलात तर धूर आतच कोंडतो. आणि गाडी जॅकवर असताना इंजिन अजिबात चालू नाही. म्हणून आधी हवा, मग इंजिन बंद, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये, मग पाना. नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, चाक हवेत गेल्यावर नुसतं फिरत बसतं. आमचे नट मागे कुठेतरी मशीनने इतके आवळलेले की नवऱ्याला पान्यावर अक्षरशः उभं राहावं लागलं. घट्ट करताना एक वरचा मग त्याच्या समोरचा खालचा असं उलटसुलट करायचं, ओळीने केले तर चाक तिरकं बसू शकतं. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर परत एकदा पाना मारून बघायचं, हे बरेच जण विसरतात, आम्हीही विसरलो होतो, दुसऱ्या दिवशी आठवलं.

तर संकटात पंप वर्षभरात वापरला तो एवढा एकदाच. बाकी दहा महिने तो कामाला आला ते बसल्या जागी हवा चेक करायला, आणि माझ्या मते पैसे वसूल झाले ते तिथेच. पूर्वी हवा म्हणजे पेट्रोल भरायला गेलो आणि रांग नसली तर. तेही गाडी चालवून गरम टायरवर. हवा खरं म्हणजे थंड टायरवर मोजायची, गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हा. चालवल्यावर आतली हवा तापते आणि आकडा दोन-चारने फुगतो, मग तुम्हाला वाटतं भरपूर आहे आणि प्रत्यक्षात कमी असते. थंडी पडली की उलट, तापमान पाचसहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय जातो, गळती नसतानाही. आता महिन्यातून एका सकाळी गाडी हलवायच्या आधी चारही चाकं आणि पाचवी स्टेपनी, पंधरा मिनिटांत काम उरकतं.

किती भरायची ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर आत खांबावर जे स्टिकर असतं त्यावर असतं. टायरच्या भिंतीवर लिहिलेला मोठा आकडा साध्या चाकांसाठी बघायचा नाही, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते. (बारीक स्टेपनीची गोष्ट वेगळी, वर सांगितलीच.) स्टिकरवर बहुतेक दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी, आणि सामानाने डिकी ठासून निघताना कुणीही तो दुसरा आकडा बघत नाही.

मी एक जुनी वही ठेवली डॅशबोर्डच्या खणात, तारीख आणि पाच आकडे. हसले घरात. तिसऱ्या महिन्यात वहीतच दिसलं की पुढचं डावं दर वेळी बाकीच्यांपेक्षा तीनने कमी. खिळा नाही, चीर नाही, काही नाही. मग कपभर पाण्यात भांडी घासायचा साबण फेसाळून टायरवर ओतला, रिमच्या कडेला काही नाही, आणि वॉल्वच्या तोंडावर थेंब टाकला तर एक बुडबुडा, मोहरीएवढा, हळूच फुगला, फुटला, परत फुगला. आतली पिन ढिली झाली होती. ती बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. ते प्लास्टिकचं टोपण असतं ना वॉल्वचं, जे आपण हरवतो आणि काय फरक पडतो म्हणतो, त्या चाकाचं तेच नव्हतं, पिनेपाशी माती गेलेली.

आता तक्रारी. पहिली मीटरची. पंप चालू असताना दाखवतो त्यापेक्षा बंद केल्यावर आकडा खाली येतो, कारण चालू असताना तो नळीतला दाब मोजत असतो, टायरमधला नाही. ३३ ला लावला की आपोआप थांबतो खरा, पण वेगळ्या साध्या गेजने, म्हणजे दाब मोजायच्या छोट्या मीटरने, बघितलं तर ३१. वर नळी फिरवून काढताना फुस्स करून अजून थोडी जाते. मी आता ३५ ला लावते आणि शेवटी गेजने बघते, जास्त असली तर सोडते. ज्याला आपोआप थांबणं म्हणून जाहिरातीत मिरवतात त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नका एवढंच.

दुसरी, वायर. तीन मीटर. सॉकेट पुढे, मागचं पलीकडचं चाक म्हणजे वायर खिडकीतून बाहेर काढून पंप हवेत लोंबकळत धरायचा. छोट्या गाडीला ही तऱ्हा, सात सीटवाल्यांनी घ्यायच्या आधी मोजून घ्या. तिसरी, उजेड. दिवा दिलाय पण तो अशा बाजूला की पंप जमिनीवर नीट ठेवला की दिवा गाडीच्या पोटाखाली प्रकाश पाडतो. ज्याने बनवलाय त्याने अंधारात एकदाही टायर बदललेला नाही. आवाजाचं म्हणाल तर मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा, पहाटे शेजारी जागे होतात, ते सगळ्याच पंपांचं आहे. आणि नळीचं पितळी तोंड तापतं, चांगलंच, एकदा बोटावर फोड आलाय. दहा मिनिटं चालवून दहा मिनिटं थांबा असं पत्रकात आहे ते उगाच नाही.

एकदा फ्यूज उडाला, ती चूक माझी. एका सॉकेटला जोड लावून पंप आणि छोटा कूलबॉक्स दोन्ही चालवले. पंप एकटाच दहा अँपिअरच्या आसपास ओढतो, आमच्या सॉकेटचा फ्यूज १५ चा. स्टिअरिंगच्या खाली झाकण असतं, आत रंगीत चपटे फ्यूज, १५ चा निळा, १० चा लाल, २० चा पिवळा. झाकणावर कुठला कशाचा ते लिहिलेलं असतं. नवरा म्हणाला पिवळाच लाव म्हणजे परत उडणार नाही. अरे उडू नये म्हणून मोठा लावला तर मग फ्यूजऐवजी वायर जळते! निळाच लावला, आणि दोन निळे, एक लाल असे जादा ठेवलेत.

सोबत पंक्चर काढायचं किटही आलं होतं, दोन हँडलचे टोचे आणि चिकट दोऱ्या. हे ट्यूबलेससाठी. किट बरं आहे पण रस्त्यावर पहिल्यांदा वापरायला जाऊ नका, मी आधी भंगारात निघालेल्या टायरवर करून बघितलं, कानशीसारखा टोचा आत घालायला किती जोर लागतो याची कल्पनाच नव्हती. आणि खिळा दिसला की लगेच उपटायचा मोह होतो, तो आवरायचा. तो खिळाच भोकाचं बूच असतो. हवा हळू जात असेल तर पंपाने भरून जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं, मध्ये थांबून परत भरत. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर असेल तर ना दोरी ना पंप, तिथे स्टेपनी किंवा क्रेनच. आणि बसलेल्या टायरवर थोडं अंतर जरी गाडी पळवली तरी भिंत आतून भरडली जाते, मग बाहेरून धड दिसणारा टायरही फेकावा लागतो. टायरमध्ये सोडून आतून भोक बुजवायच्या फेसाच्या बाटलीवाला सेटही मिळत होता, तो घेतला नाही, आत सगळा चिकटा होतो, पंक्चरवाला वैतागतो, आणि बाटलीला एक्स्पायरी असते जी कोण बघणार.

ज्यांच्या गाडीत स्टेपनीच नाही, हल्ली बऱ्याच गाड्यांत नसते, त्यांच्याकडे कंपनीचा पंप आधीच डिकीच्या तळाला असण्याची शक्यता आहे, घ्यायच्या आधी गालिचा उचलून बघा. सायकलला, फुटबॉलला जोडायची टोकं पण आहेत पंपाबरोबर, लेकीचा फुटबॉल पहिल्याच खेपेला फोडून झालाय, त्याला अर्धं मिनिटसुद्धा पुरतं आणि मी बोलण्यात होते.

पिशवीची चेन वापरायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात गेली. आता पंप, गेज, फ्यूज आणि ती वही आईच्या जुन्या कापडी पिशवीत असतात, आणि या अर्ध्या ताऱ्याचं कारण निव्वळ ती चेन आहे.