पेशी रुजू द्या, हात हलवू नका

पारोळा तालुक्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या घराने आपली फाईल इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून वाचायला दिली आहे. गावाचं आणि माणसांचं नाव कुठे येऊ नये, एवढीच त्यांची अट. लकव्यावर 'स्टेम सेल' म्हणजे मूळ पेशींची इंजेक्शनं विकणाऱ्यांनी त्यांना कसं फसवलं, ते त्या फाईलमधून कळतं. त्या फाईलमध्ये एक पावती आहे: 'पेशी प्रक्रिया शुल्क, डोस 1, रु. 1,60,000'. खाली डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. कोणत्या पेशी, कुठून आल्या, किती दिल्या, त्यातल्या जिवंत किती, याबद्दल एक अक्षर नाही. पाच आठवड्यांनंतरची दुसरी पावतीही तशीच. तिसऱ्या डोसची वेळ आलीच नाही, ती का आली नाही ते पुढे येईल.

घरातले कर्ते 58 वर्षांचे, सगळे त्यांना नाना म्हणतात. सकाळी साडेसहाला शेतात उजवा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. 'वारं गेलं' म्हणून गावात आधी मालीश झाली, मग सलाईन लागलं. धुळ्याला पोहोचायला सव्वाबारा वाजले. सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळीचा झटका होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ अकरालाच संपली होती. मोठी नळी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढता येते, साधारण 6 तासांत, निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत. पण ती सोय मोजक्या मोठ्या ठिकाणीच असते. गुठळीवर ज्याचा फायदा सिद्ध झालेला आहे तो उपचार हा असा, पहिल्या काही तासांतला. तो हुकला की घरातल्यांच्या मनात सल राहते, आणि पुढचा बाजार त्या सलीवरच चालतो.

नऊ दिवसांनी घरी सोडलं. गोळ्या साध्याच: रक्त पातळ ठेवायची क्लोपिडोग्रेल 75, कोलेस्टेरॉलची एक, बीपीची एक. सहाव्या आठवड्यात नाना काठी धरून ओट्यापर्यंत चालू लागले होते. हात मात्र लटकलेलाच.

त्याच सुमाराला तालुक्याच्या गावी एका सभागृहात 'मेंदू व मणका मोफत तपासणी शिबिर' झालं. बीपी आणि शुगर फुकट तपासली. रजिस्टरमध्ये नाव, मोबाईल नंबर आणि 'झटका कधी आला' ती तारीख लिहून घेतली. सगळ्या शिबिराचं मोल त्या तारखेत होतं. आठवडाभरात घरी माणूस आला. बोलायला अहिराणी, बसायला खाटेवर. "बठ्ठं बेस व्हई जाई, नाना," म्हणजे सगळं बरं होईल, असं म्हणत त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले: चाकाच्या खुर्चीतला माणूस, पुढच्या क्षणी तोच माणूस चालताना. मधे किती महिने गेले ते कुठेच नाही. पॅकेज तीन डोसचं, 4 लाख 80 हजारांचं. 'परदेशात हेच वीस लाखांना आहे, इथे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे म्हणून स्वस्त', हे त्याचं वाक्य घरातल्या मुलाला जसंच्या तसं पाठ आहे. निघताना त्याने एक भाकीतही केलं. आधी पायाला गुण येईल, मग खांदा उचलेल, बोटं सगळ्यात शेवटी.

ते भाकीत खरं ठरलं, आणि फसवणूक तिथेच पक्की झाली.

झटक्यानंतर मेलेल्या भागाभोवतीची सूज उतरते, अर्धवट गारठलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, शेजारचे भाग हरवलेलं काम शिकतात. हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने घडतं, सहा महिन्यांपर्यंत हळूहळू चालू राहतं, आणि नंतरही सरावाने थोडं थोडं मिळत राहतं. बहुतेक रुग्णांत पाय हाताच्या आधी सुधारतो, आणि हातात खांदा-कोपर आधी, बोटांचं बारीक काम शेवटी. कुठलाही फिजिओथेरपिस्ट पाच मिनिटांत हा क्रम सांगेल. इंजेक्शनवाल्यांना दोन वर्षं जुना रुग्ण फारसा नको असतो. त्यांना दीड-दोन महिन्यांचा हवा असतो, कारण त्याचं शरीर तेव्हा स्वतःच सुधारत असतं. आठव्या आठवड्यात सुई टोचली आणि बाराव्या आठवड्यात खांदा हलला, की घरचेच चार लोकांना सांगत सुटतात. या घरानेही गावातल्या दोन कुटुंबांना तो नंबर दिला. त्याचं त्यांना आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

प्रत्यक्ष काय केलं, ते मुलाने पाहिलं तेवढं लिहून ठेवलं आहे. नानांना शहरातल्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या जेलच्या पिशव्या आणि त्यात एक बाटली. 'नाळेच्या पेशी' असं सांगितलं. जतन केलेल्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांना ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर त्या लवकर मरू लागतात. ताज्या पेशी गार डब्यातून नेता येतात, पण तेही थोडेच तास. म्हणून बाटलीसोबत प्रयोगशाळेचा कागद असावा लागतो: दात्याच्या एचआयव्ही, कावीळ बी-सी आणि गुप्तरोगाच्या तपासण्या, जंतू वाढले नाहीत याचा अहवाल, पेशींची संख्या, त्यातल्या जिवंत किती टक्के, बॅच क्रमांक, किती वाजता काढल्या. यातलं काहीही दिलं नाही. सुई कमरेच्या मणक्यांच्या मधून, पाणी काढायच्या जागी दिली. सोबत 'रिॲक्शन येऊ नये म्हणून' स्टिरॉइडची सलाईन. स्टिरॉइडने दोन-तीन दिवस भूक लागते, तरतरी येते, माणूस बोलका होतो. घरी परतताना गाडीत नाना हसले, तो क्षण अजून सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. शुगर मात्र आठवडाभर कोणी मोजलीच नाही, मोजली तेव्हा ती तीनशेच्या वर गेलेली होती.

यानंतर दोन सूचना मिळाल्या, आणि खरं नुकसान त्यांनीच केलं. पहिली: 'पेशी रुजू द्या, 21 दिवस हात हलवू नका, फिजिओथेरपी बंद.' मेंदूला काम पुन्हा शिकवायचं असतं ते हालचालीने. उपचारांच्या शिफारसी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची 2023 ची शिफारस आहे की लकव्याच्या रुग्णाला गरजेनुसार दिवसाला किमान 3 तास, आठवड्यातून किमान 5 दिवस पुनर्वसन मिळावं. इथे शिकायच्या ऐन दिवसांत 21 अधिक 21, म्हणजे सहा आठवडे हात झोळीत बांधून ठेवला. खांदा आखडला, बोटं तळव्यात वळली.

दुसरी सूचना जास्त घातक. मणक्यात सुई घालायची तर रक्त पातळ करणारी गोळी थांबवावी लागते, नाहीतर मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. क्लोपिडोग्रेल साधारण 5 ते 7 दिवस आधी बंद करतात. पण ज्याला नुकताच गुठळीचा झटका येऊन गेला आहे, त्याची ती गोळी बंद करणं म्हणजे दुसऱ्या झटक्याला वाट मोकळी करून देणं. सिद्ध झालेल्या, टाळता न येणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर तोलूनमापून हा धोका पत्करतात आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख कागदावर लिहून देतात. इथे तोंडी सांगितलं, 'पुढचा डोस आहेच, आता सगळं संपल्यावर सुरू करू.' दुसऱ्या डोसनंतर अकराव्या दिवशी नानांची वाचा दहा मिनिटं गेली आणि परत आली. अशा दहा मिनिटांच्या झटक्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. जळगावच्या फिजिशियनने गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. क्लोपिडोग्रेलचं पाकीट जवळजवळ भरलेलं निघालं. तिसरा डोस तिथे थांबला.

या पेशींबद्दल विज्ञान काय म्हणतं, ते सांगणं अवघड नाही. आपल्याच देशात पाच केंद्रांत 120 रुग्णांवर चाचणी झाली आणि 2014 मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर 7 ते 30 दिवसांत रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. सहा महिन्यांनी पेशी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत फरक दिसला नाही. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा फुफ्फुसातच अडकतात, हेही माहीत झालेलं आहे. 2016 मध्ये एका अमेरिकन रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. झटक्यानंतर त्याने चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिकोत अशी इंजेक्शनं घेतली होती. त्याच्या मणक्याच्या पोकळीत गाठ वाढली, आणि तपासलं तर तिच्यातल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या.

संशोधनातून चांगलं काही निघतच नाही, असं मुळीच नाही. मानेतल्या व्हेगस नसेला यंत्राने चालना देत हाताचा सराव घेण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. 108 रुग्णांच्या चाचणीत हाताच्या हालचालीच्या 66 गुणांच्या मोजपट्टीवर यंत्रवाले सरासरी 5 गुणांनी सुधारले, नुसता सराव करणारे 2.4 गुणांनी. खरा उपचार एवढंच वचन देतो, आणि तेही सहा आठवड्यांच्या कसून सरावासकट. 'ऐंशी टक्के गुण' ही भाषा कोणी बोललं की उठून यावं.

'प्रयोग' या शब्दाने लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून हे नीट लक्षात घ्या. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णांवरचा वापर हे संशोधन आहे आणि तो मंजूर चाचणीतच करायचा. 'तुमच्याच पेशी आहेत, म्हणून परवानगी लागत नाही' ही पळवाट तिथे चालत नाही. चाचणीत त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. चाचणीमुळे इजा झाली तर 2019 च्या औषध चाचणी नियमांप्रमाणे उपचार मोफत आणि भरपाईही. संमतिपत्र आपल्याला कळणाऱ्या भाषेत हवं आणि त्याची प्रत घरी मिळायला हवी. नानांच्या मुलाने इंग्रजीतल्या अकरा पानांच्या शेवटी सही केली, प्रत मिळाली नाही. पैसे मागितले की ती चाचणी उरत नाही.

कोणी सीटीआरआय नंबर तोंडावर फेकला तरी दबू नका. सीटीआरआय ही देशातल्या उपचार-चाचण्यांची नोंदवही आहे, परवाना नाही. मोबाईलवर तिथे तो नंबर टाका आणि चार रकाने वाचा: आजार तुमचाच आहे का, चाचणीच्या ठिकाणांत तुम्हाला नेतात तो दवाखाना आहे का, नैतिक समितीची मंजुरी आहे का, आणि औषध महानियंत्रकांच्या परवानगीसमोर काय लिहिलंय. गुडघेदुखीच्या चाचणीचा नंबर लकव्यासाठी दाखवणं हा सर्रास चालणारा डाव आहे.

नाव बदलून हाच माल पुढेही येतो. 'एक्सोसोम' म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या म्हणून विकतात, त्यात तर पेशीही नसतात. ऑक्सिजनच्या बंद चेंबरमधल्या चाळीस बैठकांचा लकव्यात फायदा सिद्ध झालेला नाही. सिटिकोलीन हे मेंदूसाठी म्हणून दिलं जाणारं औषध महिनोन्‌महिने लिहून देतात, पण 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 2,298 रुग्णांच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. स्वमग्न आणि सेरेब्रल पाल्सीच्या लेकरांच्या आईबापांना हेच इंजेक्शन विकतात, ते तर पाहवत नाही.

पैसे गेले असतील तर आधी कागद. केसपेपरची मागणी लेखी करा, पोच घ्या. 72 तासांत प्रत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. एजंटचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हिडिओ आणि यूपीआयच्या नोंदी दुसऱ्या मोबाईलवर उतरवून ठेवा. या घरातले अर्धे पैसे एका माणसाच्या खासगी खात्यात गेलेत, ते बँकेच्या स्टेटमेंटवरूनच कळलं. लकवा बरा करण्याची जाहिरात हाच 1954 च्या जादुई उपचार कायद्याखाली गुन्हा आहे, पॅरालिसिस हा शब्द त्याच्या यादीत आहे. म्हणून शिबिराचं पत्रकही जपा आणि त्याची प्रत अन्न व औषध प्रशासनाला द्या. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 वर फोन करून सुरुवात करता येते.

या घराचे 3 लाख 20 हजार गेले. कापसाचा आलेला पैसा आणि आईची पोत, दोन्ही त्यात. त्यांच्याकडे घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका भेटीचे 400 रुपये घेतो, म्हणजे आठशे भेटी. आता तो आठवड्यातून तीनदा येतो, बाकीचे दिवस सूनबाई करून घेतात. दुखरा हात धरून ओढायचा नाही, झोपताना खांद्याखाली उशी ठेवायची. मूठ उघडताना बोटं ताणायची नाहीत. आधी मनगट खाली वाकवायचं, मूठ आपोआप ढिली पडते, मग अंगठा बाहेर घ्यायचा आणि बोटं एकेक करून सरळ करायची. पहिल्या दिवशी तळव्यात नखांचे चार खोल वळ होते. आता तिथे घडी घातलेला रुमाल मावतो.