जैसलमेरची दोन दिवसांची सहल : वेळेची वाटणी चुकलेली

जैसलमेर आणि भोवतालचे वाळवंट दोन दिवसांत दाखवणाऱ्या एका सहल-सेवेबरोबर आम्ही चौघे डिसेंबरात गेलो होतो. गाडी वेळेवर आली, चालक सावध होता, तंबूतली अंथरुणे स्वच्छ होती. तक्रार आहे ती वेळेच्या वाटणीबद्दल.

किल्ला त्यांनी मनापासून दाखवला. रावल जैसल यांनी ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर बांधलेल्या या पिवळ्या वालुकाश्माच्या किल्ल्यात आजही कुटुंबे राहतात. जैन मंदिरांतल्या कोरीवकामाबरोबरच, घरोघरी नळ आल्यापासून सांडपाणी टेकडीत मुरून तटबंदीचा पाया कसा कमकुवत होत गेला, हेही मार्गदर्शकाने जागेवर उभे करून समजावले.

दुपारी पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड कुलधरा गावात मात्र तोच माणूस भुताखेतांच्या गोष्टींत रमला. खडीनबद्दल आम्हीच विचारले, तेव्हा कुठे त्याची कळी खुलली. खडकाळ उतारावरून वाहत येणारे पावसाचे पाणी सखल भागात मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि मग त्या ओलीवर गहू-हरभऱ्याचे रब्बी पीक घ्यायचे, अशी ही पालीवालांची शेती. वाळवंटात गव्हाचे पीक म्हटल्यावर एरवी कोणाचा विश्वास बसला नसता.

शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सामच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहायला गेलो, पण जीपगाड्यांचा धुरळा आणि ध्वनिक्षेपकांचा गोंगाट यांत तो हरवलाच. रात्री मांगणियार या पिढीजात गायक-वादक समाजातल्या कलावंतांकडून प्रेक्षकांनी चित्रपटगीतेच गाऊन घेतली. मंडळी जेवायला उठल्यावर एका वयस्कर वादकाने ‘कमायचा’ हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य पुन्हा मांडीवर घेतले, कातड्याने मढवलेल्या वाद्याच्या गोल पोटावर तळहात फिरवला आणि गज ओढला. तो खर्जातला, किंचित घोगरा सूर ऐकायला आम्ही चौघेच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर बाडमेर रस्त्यावरील अकलचे जीवाश्म उद्यान होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे तिथे उघड्या माळावर पडलेले आहेत. काहींवर लोखंडी जाळी आणि पत्र्याचे छप्पर आहे. जाळीला नाक लावून पाहिले, तर लाकडाचे उभे तंतू स्पष्ट दिसत होते, जणू कालच कोणी करवत चालवली असावी. एवढ्या ऐवजाला कार्यक्रमात २० मिनिटे होती, आणि सामच्या गोंगाटाला अख्खी संध्याकाळ!

सेवा घेण्याजोगी आहे, परंतु आरक्षण करतानाच अकलसाठी किमान दीड तास आणि सामऐवजी तुलनेने शांत असलेल्या खुडी गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरचा मुक्काम मागून घ्यावा. असा बदल ते जादा पैसे न घेता करून देतात, हे चालकाने आम्हाला स्थानकावर सामान उतरवताना सांगितले.