गच्चीवरचा डेक: औषध मुरवलेलं पाईन की थर्मो पाईन?

सागाचा भाव ऐकून माणूस गप्प बसला की दुकानदार त्याला पाईनकडे वळवतो. डेकसाठी तिथे दोन पर्याय असतात. एक, तांब्याचे क्षार दाबाने मुरवलेलं पाईन. दुसरं थर्मो, म्हणजे औषध न घालता नुसत्या उष्णतेने बदललेलं. आमच्या पुण्यातल्या गच्चीवर आधी पहिलं होतं, आता दुसरं आहे. पहिलं स्वस्त, मजबूत आणि सुताराच्या हातातलं. ते कुजलंही नव्हतं. मला वैताग आला तो राळेचा.

एप्रिलच्या उन्हात गाठींमधून राळ पाझरायची. मधासारखा पिवळट थेंब, वरून सुकलेला वाटणारा, पाय पडला की तळव्याला चिकटणारा. सतरंजीला लागली, कुरडयांच्या कापडाला लागली. टर्पेंटाइनने निघते (तेही पाईनच्याच राळेतून काढतात), पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर. औषध मुरवताना पाण्यातून क्षार आत जातात, राळ बाहेर येत नाही. थर्मोच्या भट्टीत मात्र ती बरीचशी वितळून आणि वाफ होऊन निघून जाते. आताच्या फळ्यांवर मे महिन्यात पोरं अनवाणी लोळतात.

ही पद्धत फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात विकसित झाली. भट्टीत वाफ सोडून प्राणवायू दूर ठेवतात, नाहीतर लाकूड पेटेल. बाहेरच्या वापराच्या ‘डी’ वर्गासाठी पाईन साधारण २१२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पहिला बळी हेमिसेल्युलोजचा, म्हणजे लाकडातल्या उष्णतेने सर्वांत आधी तुटणाऱ्या घटकाचा. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तेच पुढच्या विघटनाला हातभार लावतं. पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट कमी होतात, बुरशीला सहज पचणारं खाद्यही घटतं. लाकडाचे तंतू बनवणारा सेल्युलोज बराचसा टिकतो, त्यांना बांधून ठेवणाऱ्या लिग्निनचा वाटा वाढतो. पावसाळ्यात जुन्या फळ्या फुगून एकमेकींना भिडायच्या. आता श्रावणातही मधली फट दिसते. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण फरक डोळ्यांना कळतो.

शिवाय हा बदल फळीच्या गाभ्यापर्यंत होतो. औषध पाईनच्या रसकाष्ठात, म्हणजे सालीखालच्या बाहेरच्या लाकडात मुरतं, गाभ्यात फारसं शिरत नाही. म्हणून फळी कापली की उघड्या टोकाला पुन्हा औषध लावावं लागतं, आणि आपले मिस्त्री ते हमखास विसरतात. क्रोम-अर्सेनिक असलेल्या औषधाचं लाकूड असेल तर उरलेले तुकडे बंबात अजिबात घालू नयेत. राखेत अर्सेनिक उरतं.

थर्मोचं दुखणंही सांगायला हवं. हेमिसेल्युलोज गेला की लाकूड ठिसूळ होतं. आधी भोक न पाडता स्क्रू पिळला की टोकाशी चिरफाळतं. वजन पेलणाऱ्या तुळईला ते वापरू नये. आमच्याकडे खालचा सांगाडा लोखंडी आहे. स्क्रू मात्र दोन्हीकडे स्टेनलेस स्टीलचेच हवेत, थर्मोत आम्लामुळे, औषधवाल्यात तांब्यामुळे. नवीन असताना जळकट वास येतो, काही आठवड्यांत विरतो. तपकिरी रंग उन्हात करडा पडतो. बिनरंगी तेलाने ते थांबत नाही, रंगद्रव्य असलेलं तेल लावावं लागतं. मी कंटाळून सोडून दिलं, करडा चालतो.

वाळवीच्या बाबतीत थर्मोवर भिस्त ठेवू नका. कोकणात अंगणात मातीत खांब रोवायचे असतील तर औषध मुरवलेलंच बरं, तिथे मीही तेच घेईन. गच्ची किंवा बाल्कनी असेल आणि थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल, तर मी थर्मोकडे झुकेन. फक्त दुकानात वर्ग विचारा: ‘एस’ म्हणजे १९० अंशांवरचं, ते आतल्या कामाला ठीक. आणि समोर फळीचं टोक कापून घ्या. तपकिरी रंग मधोमध पोचलेला नसेल तर ती वरून रंगवलेली असू शकते.