शॅडो-युटिल्स: एका संगणकासाठी चोख, नेटवर्कवर मात्र क्रमांक आपणच सांभाळायचे

लिनक्सवर वापरकर्त्यांची आणि गटांची खाती उघडणारा शॅडो-युटिल्स हा संच बहुतेकांना आयताच मिळतो, त्यामुळे त्याचे परीक्षण करावे असे सहसा कुणाला वाटत नाही. मात्र संगणक नेटवर्कला जोडून त्यावरील फाईली एनएफएसने (नेटवर्कवरून फाईली वापरू देणाऱ्या पद्धतीने) इतरांना खुल्या करायच्या असतील, तर हा संच कोणती काळजी घेतो आणि कोणती घेत नाही, हे आधीच जाणून घ्यायला हवे.

खात्यांची सारी नोंद साध्या मजकूर फाईलींत असते. पासवर्ड फाईलच्या प्रत्येक ओळीत कोलनने विभागलेले 7 रकाने असतात आणि ग्रुप फाईलमध्ये 4. पासवर्ड फाईल सर्वांना वाचता येते, म्हणून तिच्या दुसऱ्या रकान्यात नुसता एक्स ठेवून पासवर्डचा हॅश, म्हणजे उलट न वाचता येणारे त्याचे सांकेतिक रूप, सामान्य वापरकर्त्यांना बंद असलेल्या शॅडो फाईलमध्ये ठेवला जातो. एखादा कोलन चुकला तरी लॉगिन अडू शकते. म्हणून या फाईली थेट संपादकात उघडण्याऐवजी व्हीआयपीडब्ल्यू आणि व्हीआयजीआर या आज्ञा वापराव्यात, कारण त्या संपादन सुरू असताना फाईलला कुलूप लावतात. त्यानंतर पीडब्ल्यूसीके आणि जीआरपीसीके या तपासणीच्या आज्ञा चालवल्या की तुटकी ओळ किंवा अस्तित्वात नसलेला गट लगेच उघड होतो. या बाबतीत संचाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

असलेले खाते बदलणाऱ्या युजरमॉड या आज्ञेबद्दल मात्र माझी ठाम तक्रार आहे. कुणाला नव्या गटात घालताना फक्त मोठ्या जीचा पर्याय दिला, तर ती व्यक्ती आधीच्या सर्व पूरक (मुख्य गटाव्यतिरिक्तच्या) गटांतून काहीही न विचारता बाहेर पडते. सोबत लहान ए दिला तरच जुने गट टिकतात. इतका घातक परिणाम मूळ वर्तन म्हणून ठेवणे मला पटत नाही. त्यापेक्षा गट सांभाळणारी जीपासडब्ल्यूडी ही आज्ञा लहान ए देऊन वापरणे निर्धोक, कारण तसे केल्यास सदस्य एकेकानेच जोडला जातो.

खरी उणीव दिसते ती नेटवर्कवर. एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत सर्व्हर नाव पाहत नाही, फक्त युजर आयडी आणि ग्रुप आयडी हे क्रमांक पाहतो. नवे खाते उघडणारी युजरॲड ही आज्ञा मात्र आपल्या संगणकावरील सर्वांत मोठ्या आयडीच्या पुढचा क्रमांक देते, आणि ही मोजणी बहुधा 1000 पासून सुरू होते. परिणामी एका संगणकावर 1003 हा क्रमांक लेखापालाचा आणि दुसऱ्यावर प्रशिक्षणार्थ्याचा असेल, तर लेखापालाच्या फाईलींवर प्रशिक्षणार्थ्याला मालकाचे अधिकार मिळतात. म्हणून क्रमांकांचा एकच तक्ता ठेवावा आणि खाते उघडताना आयडी स्वतःच द्यावा. संगणक मोजकेच असतील तर एवढी शिस्त पुरते. त्यांची संख्या वाढू लागली की खाती एलडॅप या मध्यवर्ती नोंदवहीवर न्यावीत, कारण तिथे ती एकाच ठिकाणी राहतात. शिवाय एनएफएसची तीच पद्धत एका व्यक्तीचे जास्तीत जास्त 16 गटच पोहोचवते, तेव्हा गट आखताना हात आखडता ठेवावा.

खाते काढतानाही हीच सावधगिरी हवी. खाते काढणारी युजरडेल ही आज्ञा होम डिरेक्टरी आणि टपालपेटी यांच्याबाहेरच्या फाईलींना हात लावत नाही आणि काढलेले खाते शेवटच्या क्रमांकाचे असेल तर तोच क्रमांक पुढच्या नव्या खात्याला मिळतो, त्यामुळे आधीच्याच्या उरलेल्या फाईली आपोआप नवख्याच्या होतात. म्हणून खाते काढण्याऐवजी त्याला कुलूप लावून मुदत संपवावी आणि तो आयडी तक्त्यात कायमचा वापरलेला म्हणून नोंदवावा.