रोड-२ एएम: उजळला म्हणून हुरळून जाऊ नका

पाचपैकी साडेतीन तारे. दीड का कापला, ते सांगते.

जिवंत पेशीच्या मायटोकॉन्ड्रियातलं कॅल्शियम बघायचंय, पण त्यासाठी पेशीत जनुक घालत बसायला वेळ नाही, अशा वेळी हात आपोआप रोड-२ एएमकडे, म्हणजे कॅल्शियम धरलं की चमकणाऱ्या या डायकडे (रंगद्रव्याकडे) जातो. ५० मायक्रोग्रॅमची कुपी, तळाशी डोळे बारीक केले तर दिसेल असा तांबूस डाग. ४४ मायक्रोलिटर डीएमएसओ (द्रावक) घातलं की १ मिलिमोलर द्रावण तयार. डीएमएसओने ओल धरली असेल तर डायला पेशीच्या पडद्यातून आत नेणारा एस्टर (नावातलं 'एएम') आधीच तुटतो आणि डाय पेशीत शिरतच नाही. पहिले दोन महिने मी बिचाऱ्या पेशींनाच दोष देत होते.

नीट भरला, की मात्र बघत राहावं. हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कर्कपेशी) हिस्टामिन टाकलं की एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटतं, त्याला खेटून असलेले मायटोकॉन्ड्रिया एमसीयू नावाच्या दारातून ते ओढून घेतात, आणि अंधारात धाग्यांची जाळी काही सेकंदांत उजळते. (मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम ओढतात हे साठच्या दशकापासून माहीत होतं, दाराचं प्रथिन सापडायला २०११ उजाडलं.)

आता तक्रार. डायवर धनभार असतो, म्हणूनच तो आतून ऋण असलेल्या मायटोकॉन्ड्रियात खेचला जातो. म्हणजे विभवांतर (पडद्याच्या आत-बाहेरच्या विद्युतदाबातला फरक) जितकं जास्त, तितका डायही जास्त. आणि बऱ्याच कर्कपेशींत हे विभवांतर मुळातच चढं असतं! मी ट्यूमरच्या आणि साध्या पेशी एकाच दिवशी भरल्या, ट्यूमरच्या दुप्पट उजळ दिसल्या, आणि स्लाइडवर 'कॅल्शियम दुप्पट' असं लिहूनही टाकलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "टीएमआरएम केलंस का गं?" (टीएमआरएम म्हणजे विभवांतर दाखवणारा डाय.) नव्हतं केलं. केलं तेव्हा फरक विभवांतराचा निघाला. तीन आठवडे पाण्यात. फुरा-२ या दुसऱ्या कॅल्शियम डायसारखी दोन तरंगलांबींचं गुणोत्तर काढायची सोय इथे नाही. ५५० नॅनोमीटरच्या आसपास उजेड द्यायचा, ५८०ला मोजायचं, बस.

कर्करोगाच्या कामात ही चूक फार महागात पडते, कारण तिथे प्रश्नच 'जास्त की कमी' हा असतो. थोडं कॅल्शियम क्रेब्ज चक्रातली एन्झाइम्स चालवतं, पेशीला ऊर्जा मिळते. अति झालं की आतल्या पडद्याचं छिद्र उघडतं आणि पेशी मरते. आतड्याच्या कर्करोगात एमआयआर-२५ हा सूक्ष्म आरएनए एमसीयू दाबून पेशीला मरणातून वाचवतो. उलट ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगात एमसीयू वाढलेलं सापडतं आणि ते काढलं की पेशींची हालचाल मंदावते. अशा ठिकाणी नुसत्या उजेडावरून निष्कर्ष काढायचा, म्हणजे आंधळी कोशिंबीर.

मग घ्यावा का? हिस्टामिननंतरची उसळी बघायची असेल तर जरूर घ्या. उजेड सुरुवातीच्या उजेडाने भागून काढा, शेवटी आयनोमायसिन (कॅल्शियमला पडद्यातून आत सोडणारं रसायन) देऊन कमाल मोजा, टीएमआरएम वेगळ्या डिशमध्ये करा. केंद्रिकाही कधीकधी चमकते, ती मोजणीतून वगळा. विश्रांतीतल्या दोन पेशीप्रकारांची तुलना करायची असेल तर थोडा वेळ काढून मायटोकॉन्ड्रियात पाठवलेला गुणोत्तरी फ्रेट प्रोब (जनुक घालून पेशीकडूनच बनवून घेतलेलं, दोन रंगांच्या गुणोत्तरातून कॅल्शियम सांगणारं प्रथिन) वापरा.

आणि द्रावण केलंत की छोट्या नळ्यांत वाटून, तारीख घालून, लगेच उणे २०ला. आमच्या फ्रीझरमध्ये बिनतारखेच्या सहा नळ्या पडल्यात. कोणाच्या, ते कोणीच कबूल करत नाही.