जेसन स्कीमातला ‘फॉरमॅट’: काही महिने वापरल्यावर

ईमेल, तारीख, यूआरआय, आयपी ॲड्रेस यांच्यासाठी आमच्या प्रत्येक सर्व्हिसमध्ये वेगळं रेजेक्स (मजकुराचा साचा जुळवून पाहणारा नमुना) होतं. आता हे सगळं जेसन स्कीमाच्या, म्हणजे जेसन डेटा कसा असावा हे लिहून ठेवायच्या पद्धतीच्या, ‘फॉरमॅट’ कीवर्डवर सोपवलंय आणि मी समाधानी आहे. पण स्कीमात ‘फॉरमॅट: ईमेल’ लिहिलं की तपासणी सुरू झाली, असं समजू नका. जेसन स्कीमाच्या २०१९-०९ आणि २०२०-१२ या आवृत्त्यांमध्ये फॉरमॅट मुळात केवळ माहितीपुरता असतो. तो नियम म्हणून लागू करायचा, तर व्हॅलिडेटरला (स्कीमानुसार डेटा तपासणाऱ्या लायब्ररीला) तसं सांगावं लागतं.

पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत फॉरमॅट चेकर आपण स्वतः द्यायचा. तो दिला, तरी डेट-टाइमसाठी लागणारं जादा पॅकेज इन्स्टॉल नसेल तर ती तपासणी गुपचूप गळते. एरर नाही, वॉर्निंग नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ईमेलच्या बाबतीत तर मजकुरात ॲटचं चिन्ह आहे ना, एवढंच ही लायब्ररी पाहते. जावास्क्रिप्टचं एजेव्ही हे व्हॅलिडेटर इथे उजवं. सातव्या आवृत्तीपासून त्याचे फॉरमॅट वेगळ्या पॅकेजमध्ये गेलेत, पण ते जोडायचं राहिलं तर स्कीमा कंपाइल होतानाच अडतो. हे स्ट्रिक्ट मोडमुळे होतं, तो बंद करू नका, एवढंच सांगेन.

खरा फायदा तारखांना झाला. नुसतं आकडे मोजणारं रेजेक्स ३० फेब्रुवारीही बिनतक्रार स्वीकारतं. एजेव्हीच्या पॅकेजचा ‘फुल’ मोड ती अडवतो, ‘फास्ट’ मात्र सोडून देतो, म्हणून वेगाच्या मोहात पडू नये. डेट-टाइम आरएफसी ३३३९ या तारीख-वेळ लिहिण्याच्या इंटरनेट मानकाप्रमाणे तपासला जातो, म्हणजे टाइमझोनचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) हवाच. बाहेरून येणाऱ्या डेटात नेमका तोच नसतो! सुरुवातीला तक्रारी आल्या, पण ‘ही वेळ नक्की कुठली?’ हा वाद त्यामुळे कायमचा मिटला.

आणखी एक: जेसन स्कीमातले ठरलेले फॉरमॅट फक्त स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराच्या व्हॅल्यूला लागतात. ‘टाइप: स्ट्रिंग’ लिहिलं नसेल तर ईमेलच्या जागी १२३४५ हा आकडाही पास होतो.

जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट-७ या जुन्या आवृत्तीवर असाल तर यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) आणि ड्युरेशन (कालावधी) हे फॉरमॅट त्यात नाहीत. ते २०१९-०९ मध्ये आले. आणि कुठलीही लायब्ररी घ्या, प्रत्येक फॉरमॅटसाठी मुद्दाम चुकीची एक व्हॅल्यू टेस्टमध्ये ठेवा. ती पास झाली तर बिल्ड थांबलंच पाहिजे.