एनजीओ दर्पण : नोंदणी विनामूल्य, उपयोग मोठा, कागदपत्रांचा फेरा मात्र तसाच

केंद्र सरकारची मदत मिळवू पाहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला आज ना उद्या नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' या संकेतस्थळाची पायरी चढावीच लागते. न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेल्या कोणत्याही संस्थेला तेथे विनामूल्य नोंदणी करता येते आणि राज्याचे संक्षिप्त नाव, वर्ष व सात अंकी संख्या मिळून होणारा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे अनुदानही नव्हे आणि कामाच्या दर्जाचे प्रशस्तिपत्रही नव्हे. छोट्या मंडळांना 'दर्पण झाले की निधी येतो' असे सांगून त्यासाठी शुल्क आकारणारे सल्लागार आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

तरीही नोंदणी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. केंद्रीय मंत्रालयांच्या अनुदान योजनांसाठी हा क्रमांक मागितला जातो, विदेशी देणग्यांच्या परवानगीच्या अर्जातही तो लागतो. शिवाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत मार्च २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ना-नफा संस्था ग्राहक असेल तर तिची दर्पणवर नोंद आहे याची खातरजमा करणे आणि नसल्यास ती करून घेणे ही बँकांची जबाबदारी ठरली आहे. म्हणजे सरकारी पैसा न घेणाऱ्या संस्थेचाही आता याच्याशी संबंध येतो.

प्रत्यक्ष अर्ज भरताना खरी कसोटी लागते ती नावाची. धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र मराठीत असते, पॅन कार्ड इंग्रजीत. आणि 'प्रतिष्ठान' किंवा 'बहुउद्देशीय' या शब्दांचे इंग्रजी स्पेलिंग पॅनवर एक, बँक खात्यावर दुसरे आणि लेटरहेडवर तिसरेच, अशी अवस्था अनेक संस्थांची असते. म्हणून अर्जाला बसण्यापूर्वी पॅनवरील नाव अक्षरशः उतरवून घ्यावे व इतर कागद त्याच्याशी ताडून पाहावेत. किमान तीन पदाधिकाऱ्यांचे तपशील द्यावे लागतात. कार्यकारिणी नुकतीच बदलली असेल आणि बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असेल, तर कोणाची नावे द्यायची हे आधीच ठरवून घेतलेले बरे.

या सेवेचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे तिची माहिती सर्वांना खुली आहे. राज्य आणि कार्यक्षेत्रानुसार संस्था शोधता येतात, पदाधिकारी व निधीचे स्रोत पाहता येतात. मात्र यातील बरीचशी माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते, त्यामुळे देणगीदाराने तेवढ्यावर विसंबू नये. लेखापरीक्षित हिशेब मागून पाहावेत.

उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. दर्पणवर सगळे तपशील भरल्यानंतरही आयकर विभागाची, १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते, आणि ती ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावी लागते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या म्हणजे सीएसआर निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे जातो आणि त्यावर सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांचे प्रमाणन लागते. मोठ्या संस्थेकडे यासाठी पगारी माणूस असतो. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाचा कोषाध्यक्ष हे सगळे नोकरी सांभाळून रात्री करतो. त्याच्या वेळेची किंमत धोरण आखताना कोणी धरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नव्या संस्थांनी पॅन हाती येताच दर्पणवर नोंदणी करावी, संस्थेचा स्वतंत्र ईमेल व मोबाइल क्रमांक द्यावा आणि पदाधिकारी बदलताच नोंद अद्ययावत करावी. सरकारकडे मागणी एकच : पॅन समान दुवा असताना पत्त्यातील किंवा विश्वस्तांतील बदल एकदा कळवला की तो या सर्व कार्यालयांत आपोआप पोहोचला पाहिजे.